पानफुटी उपटून का संपत नाही, आणि ती आवरायची कशी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोथरूडला इमारतीच्या गच्चीवर तुमची बाग आहे. कुणीतरी हौसेने दिलेलं पानफुटीचं एक रोप दोन वर्षांत जवळजवळ सगळ्या कुंड्यांत, कोब्याच्या भेगांत आणि पावसाच्या पाइपच्या जाळीपाशी जाऊन पोचलं. दर रविवारी तुम्ही उपटता, आणि पाऊस सुरू झाल्यापासून उपटाल त्याच्या दुप्पट उगवतंय. सासरे म्हणतात, मुतखड्यावरचं औषध आहे, टाकायचं नाही. ते स्वतः रोज सकाळी उपाशीपोटी दोन पानं चावून खातात. घरात कुत्र्याचं पिल्लू आहे. आणि उपटलेली रोपं वाया घालवण्यापेक्षा टेकडीवर नेऊन लावली तर चालतील का, असंही तुम्ही विचारलंय.

तुमचं पहिलं वाक्य होतं, ‘यावर कोणतं औषध मारू?’ मला वाटतं अडचण तिथेच आहे. आपण पानफुटीला इतर तणांसारखं वागवतो: मूळ निघालं की काम झालं. हरळी, लव्हाळा यांच्या बाबतीत मुळाशी, गाठींशी झुंजावं लागतं हे खरं. पानफुटीचं मूळ मात्र अगदी उथळ असतं, बोटाने ओढलं तरी सुटतं. तिचा सगळा जीव पानात आहे. गळून पडलेलं प्रत्येक पान म्हणजे बियांची एक पुडी समजा, आणि मग तुमच्या रविवारच्या कामाकडे पुन्हा बघा. रोप ओढताना किती पानं तुटून कुंडीत पडतात? किती झाडूबरोबर शेजारच्या कुंडीखाली जातात? रोप हातात आलं, पण पुड्या मागे राहिल्या.

शाळेत आपण सगळ्यांनीच शाकीय प्रजननाच्या धड्यात पानफुटीची आकृती काढलेली असते: पानाच्या कडेला खाचा, आणि खाचांतून कोंब. त्या आकृतीत एक गोष्ट नीट कळत नाही, आणि गच्चीवर तीच सगळ्यात महत्त्वाची ठरते. पानफुटीचं पान झाडाला धरून असेपर्यंत त्या खाचांतले कोंब बहुतेक वेळा झोपलेले असतात. पान झाडापासून सुटलं, दुमडलं, जखमी झालं की ते जागे होतात. झाडाकडून येणारे रोखून धरणारे संकेत थांबले की प्रत्येक खाच आपापलं मूळ आणि आपापली दोन पानं काढते. एका मोठ्या पानाला अशा दहा-पंधरा खाचा सहज असतात. त्यामुळे घाईघाईने उपटणं, काडकाड मोडून बादलीत भरणं, झाडूने फरफटत नेणं, ही सगळी कामं आपण नकळत लागवडीसाठी करत असतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण सरसकट उत्तर इथे उपयोगाचं नाही.

पहिलं म्हणजे तुमच्याकडे आहे ती नक्की कोणती पानफुटी? नेहमीच्या पानफुटीची पानं रुंद, लंबगोल, मांसल असतात, कडा गोलसर दातेरी आणि बऱ्याचदा तांबूस. खालची पानं एकेकटी. झाड मोठं झालं की वरची पानं तीन ते पाच दलांची, म्हणजे एका देठावर तीन ते पाच छोट्या पानांची होतात. थंडीत हात-दोन हात उंच दांडा येतो आणि त्याला कागदी कंदिलासारखी फुगीर, हिरवट-लालसर फुलं लोंबतात. पण पुण्यातल्या नर्सऱ्यांमधून गेली काही वर्षं तिच्या दोन बहिणीही घरोघर गेल्या आहेत. एकीची पानं लांबट त्रिकोणी, आणि झाडाला असतानाच कडेला बारीक पिल्लांची, म्हणजे इवल्या रोपांची, झालर लागलेली. दुसरीची पानं पेन्सिलीसारखी गोल, ठिपकेदार, आणि टोकाला पिल्लांचा झुबका. या दोघींना पान तुटायची वाट बघावी लागत नाही. नुसता धक्का लागला, वारा आला, तरी पिल्लं खाली गळतात. तुम्ही टाकलेल्या फोटोत मला रुंद पानांची नेहमीचीच दिसते, त्यामुळे पुढचं सगळं तिच्याबद्दल. त्रिकोणी किंवा गोल पानांची निघाली तर ती ठेवूच नका, कुंडीतसुद्धा नको.

दुसरं म्हणजे ऋतू. तुम्ही विचारताय ते भर पावसात. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट, कुंड्या ओल्या, कोबा शेवाळलेला. या दिवसांत पान नुसतं कोब्यावर पडलं तरी धरतं. म्हणून आत्ता सगळं एकदम साफ करण्याच्या मागे लागू नका. पावसात मी फक्त दोनच कामं करतो. एक, नखाएवढी पिल्लं निघाली असतील ती बोटांनी अलगद उचलायची. ही अजून मोडत नाहीत, सगळी निघतात. दुसरं, मोठी रोपं असतील तर ती ओढायची नाहीत. एका हाताने बुंध्यापाशी पिशवी धरायची, वरून रोप पिशवीत वाकवायचं आणि बुंधा कात्रीने कापायचा. गळणारी पानं पिशवीतच पडतात. मग बुंध्याचा उरलेला खुंट मुळासकट काढायचा. शेवटी कुंडीच्या मातीवर आणि कुंडीखाली बघून सुटी पानं वेचायची. वेळ लागतो, पण त्या कुंडीत पुन्हा यायचं कारण उरत नाही. एका बसणीला पाच कुंड्या केल्या तरी पुरे. पाच पूर्ण स्वच्छ झालेल्या कुंड्या पन्नास अर्धवट उपटलेल्या कुंड्यांपेक्षा कितीतरी चांगल्या, आणि झालेल्या कुंड्या एका बाजूला, जमल्यास स्टँडवर उचलून ठेवा.

खरी मोहीम काढायची ती फेब्रुवारी ते मे. तेव्हा माती कोरडी असते, पिल्लं लगेच धरत नाहीत, आणि गच्चीवर पडलेलं प्रत्येक पान दिसतं. ज्या कुंड्यांची माती तुम्ही नाहीतरी बदलणार असाल ती एप्रिल-मेमध्ये प्लास्टिकवर पातळ पसरा, उन्हात चांगली तापू द्या, मग चाळा. चाळणीत जे राहतं त्यात पानफुटीची अर्धवट सुकलेली पानं आणि देठ सापडतील. पुण्याचं एप्रिल-मेचं ऊन या कामाला उत्तम आहे, ते वाया घालवू नका.

फुलांचा दांडा दिसला की काय करायचं, हे तुमच्या उद्देशावर आहे. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान झाले की दांडे येतात, फुलांवर शिंजीर, म्हणजे मध चोखणारे छोटे पक्षी, येतात, आणि ते बघणं मला मनापासून आवडतं. बी धुळीसारखं बारीक असतं, पण गच्चीवर पसरायला बियांची गरज पडतच नाही. फुललेला दांडा नंतर वाळून जातो आणि त्याची पानं एकेक गळायला लागतात. शिंजिरांसाठी ठेवायचा असेल तर फुलं सुकल्या-सुकल्या दांडा वरच्याच पद्धतीने पिशवीत घेऊन कापा. मार्चपर्यंत थांबलात तर गळलेल्या पानांनी काम वाढवून ठेवलेलं असेल.

उपटलेलं कुठे टाकायचं, हे लोक मला सगळ्यात कमी विचारतात आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. पानफुटी उन्हात पडली की वाळेल, असं आपण धरून चालतो. ती वाळत नाही, निदान लवकर तर नाहीच. ही वनस्पती मूळची मादागास्करची, आणि कोरड्यात तग धरण्याची तिची रीत वेगळी आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडून हवा घेतात आणि तेव्हाच पाणीही गमावतात. पानफुटी रंध्रं रात्री उघडते, घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रं मिटून तो वापरते. म्हणून तिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दिवस चढेल तसा आंबटपणा उतरतो. ही गोष्ट पहिल्यांदा टिपली गेली ती भारतातच: बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने इथून लिहिलेलं पत्र १८१५ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीने छापलं. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट, असं त्यात त्याने नोंदवलंय. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी ही वनस्पती आपल्याकडे आलेली होतीच. तुमच्या गच्चीपुरता याचा अर्थ असा की तोडलेलं पान सावलीत आठवडे-आठवडे जिवंत राहतं, स्वतःतल्या पाण्यावर कोंब काढतं, आणि ते कोंब मातीची वाट बघतात.

त्यामुळे थेट कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका. मोठा ढीग आतून पुरेसा तापला तर पानं मरतात, पण गच्चीवरचे छोटे ड्रम सहसा तेवढे तापत नाहीत; पानं आत तशीच टिकतात आणि पुढे खताबरोबर सगळ्या कुंड्यांत जातात. तुमच्याकडे सगळ्या कुंड्यांत एकदम आली त्याचं कारण बहुधा हेच असावं. ड्रम एकदा उलटा करून बघा. सोपा उपाय म्हणजे जुन्या बादलीत पानं घालून वरून उकळतं पाणी ओतायचं. पान शिजून लिबलिबीत झालं, रंग उतरला की त्यात काही जिवंत राहत नाही. पाणी गार झालं की सगळं कंपोस्टमध्ये घाला, खत उत्तम होतं. ढीग मोठा असेल तर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवा, आतला चिखल होईपर्यंत. पावसाळ्यात यावर विसंबू नका, ऊनच नसतं. ओल्या कचऱ्यात अशीच ताजी टाकणंही टाळा, कारण कचऱ्याच्या ढिगावर गाई-म्हशी तोंड घालतात. जनावरांचं पुढे सांगतो.

तणनाशक मात्र गच्चीवर नकोच. पान मेणचट असल्याने फवारा बराचसा ओघळून जातो, आणि जो उरतो तो शेजारच्या मिरची-पुदिन्यावर. शिवाय तणनाशकाने कोमेजलेलं झाड पानं गाळतं, आणि ती सगळीच मेलेली असतील असं नाही.

कोब्याच्या भेगांबद्दल तुम्ही काळजी व्यक्त केलीय. पिंपळ-वड भेगेत रुजले तर मुळं स्लॅबपर्यंत जातात, ते तात्काळ काढावेच लागतात. पानफुटीच्या तंतुमय मुळांत तेवढं बळ नाही. ती भेग पाडत नाही. भेग आधी असते, तिच्यात धूळ-माती साठते, ओल राहते आणि मग ही येते. म्हणजे ज्या ज्या रेघेत पानफुटी दिसतेय तिथे पाणी मुरतंय. आत्ता तिथे खडूने खुणा करून फोटो काढून ठेवा आणि उन्हाळ्यात सोसायटीकडून भेगा भरून घ्या. पाइपच्या जाळीतून मात्र पानं आजच काढा. जाळी तुंबली की गच्चीवर पाणी साचतं, आणि वाहून गेलेली पानं खालच्या मजल्यांच्या छज्ज्यांवर रुजतात.

आता सासऱ्यांचा विषय. हे मी आदराने लिहितोय, कारण घरातल्या ज्येष्ठांचा या झाडावरचा विश्वास मी कामाच्या निमित्ताने अनेक घरांत पाहिलाय आणि तो हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. मी वैद्य नाही, झाडांचं काम करणारा माणूस आहे. तेव्हा झाडाबद्दल मला जे माहीत आहे तेवढंच सांगतो.

मुतखड्यासाठी जे ‘पाषाणभेद’ सांगितलं जातं, ते आज आयुर्वेदात मुख्यतः हिमालयातल्या खडकांत वाढणाऱ्या बर्जेनिया या वनस्पतीचं मूळखोड मानतात. हिंदीत ‘पत्थरचट्टा’ म्हणून पानफुटी प्रसिद्ध झाली आणि व्हॉट्सअॅपवरून दोन्ही एकच आहेत असं पसरलं. त्यात आणखी गोंधळ पानओव्याचा, ज्याची आपण भजी करतो; त्यालाही काही जण तेच नाव देतात. पानओवा लवदार असतो आणि चुरगळला की ओव्याचा वास येतो. पानफुटी गुळगुळीत आणि बिनवासाची. म्हणजे कुणी ‘पत्थरचट्टा खाऊन खडा पडला’ असं सांगितलं तर त्याने नेमकं काय खाल्लं हेच आधी विचारावं लागतं. दुसरं, सोनोग्राफीत ५ मिलिमीटरपेक्षा लहान दिसलेले खडे बहुतेक वेळा भरपूर पाण्याबरोबर आपोआप पडतात. पानफुटी खाणारा माणूस सोबत पाणीही वाढवतो, आणि श्रेय पानाला जातं.

काळजीची बाब वेगळीच आहे. पानफुटीत बुफाडायनोलाइड नावाची द्रव्यं असतात. त्यांचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो, साधारण डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळीच्या दिशेने. पानांपेक्षा फुलांत ती जास्त असतात. दोन पानांनी धडधाकट माणसाला लगेच काही होईल असं मी म्हणत नाही, पिढ्यान्‌पिढ्या लोक ती वापरत आलेच आहेत, भाजल्या-कापल्यावर पाला वाटून लावतातही. पण रोज, महिनोन्‌महिने, उपाशीपोटी खाणं ही वेगळी गोष्ट आहे. वर सांगितलं तसं सकाळचं पान सगळ्यात आंबट असतं. पित्ताचा त्रास असलेल्याला तेही बाधतं. सासऱ्यांना हृदयाची गोळी, लघवी वाढवणारी बीपीची गोळी किंवा किडनीचा काही त्रास असेल, तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत पानं बंद ठेवा, आणि डॉक्टरांना ‘रोज पानफुटी खातो’ हे स्पष्ट सांगा. बरेच रुग्ण झाडपाल्याचं सांगतच नाहीत. पाठीत कळ, ताप, लघवीत रक्त किंवा लघवी अडणं यांपैकी काहीही झालं तर पानांवर दिवस घालवू नका.

कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत मी जास्त ठाम आहे. ऑस्ट्रेलियात ही आणि हिच्या बहिणी खाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. तिथे कुरणांत शिरलेलं हे कुप्रसिद्ध तण आहे. कुत्र्यांनी चघळलं तर लाळ गळणं, उलट्या, जुलाब होतात, आणि जास्त पोटात गेलं तर ठोक्यांवर परिणाम. दात येण्याच्या वयात पिल्लू जे दिसेल ते चावतं, आणि ही मांसल पानं त्याच्या तोंडाच्या उंचीवर आहेत. गच्ची साफ होईपर्यंत त्याला तिथे मोकळं सोडू नका. खाल्ल्याची शंका आली तर उलटी करवण्याचे घरगुती प्रयोग न करता झाडाच्या फोटोसह थेट पशुवैद्याकडे जा.

टेकडी: कृपा करून नाही. तुमची भावना मला समजते, झाड कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. पण वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव-पर्वती या ओसाड जागा नाहीत. तिथलं गवत, पावसाळ्यात महिनाभरासाठी उगवणारी बारीक रोपं, खडकांवरची छोटी मांसल झाडं ही या दगडी, उथळ मातीला सरावलेली आहेत. कॅलांचोच्या, म्हणजे पानफुटीच्याच वंशाच्या काही देशी जातीही आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात आहेत. त्या कडेला पिल्लं काढत नाहीत, हळू वाढतात आणि दाटीत हरतात. पानफुटी एकदा सावलीच्या, दगडाच्या कपारीत बसली की गालिचा करते. गॅलापागोस बेटांवर ती तेच करून बसली आहे. आणि पुण्याने हा धडा आधीच गिरवलाय: गाजरगवताची भारतातली सुरुवातीची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली, आणि आज ते देशभर आहे. टेकड्यांवर चांगल्या हेतूने लावलेल्या गिरिपुष्पाखाली आता गवत उगवत नाही, हे तिथे रोज फिरणाऱ्या कुणालाही दिसतं. टेकडीसाठी काही करायचंच असेल तर तिथे आधीपासून असलेलं काय उपटू नये हे शिकवणाऱ्या, पावसाळ्यात निघणाऱ्या निसर्गफेऱ्यांना कुत्र्याचं पिल्लू घरी ठेवून जा.

सगळी पानफुटी संपवा असंही मी म्हणणार नाही. सासऱ्यांना टाकवत नसेल आणि तुम्हाला शिंजीर हवे असतील तर एक कुंडी ठेवा. ती उंच स्टँडवर, बाकी कुंड्यांपासून दूर, खाली मोठं ताट किंवा ट्रे. ट्रेमध्ये पडलेलं पान दिसतं आणि उचलता येतं. पाणी आठवड्यातून एकदा, पावसात तेही नको. ती कुंडी कुणाच्याही डोक्यावर लटकवू नका, आणि कुणी ‘एक पान द्या ना’ म्हणालं तर पानाबरोबर ही माहितीही द्या.

क्रमाने सांगायचं तर या आठवड्यात पाइपची जाळी, पिल्लाच्या उंचीवरच्या कुंड्या आणि कंपोस्टचा ड्रम; बाकी कुंड्या थोड्या-थोड्या; माती आणि भेगा उन्हाळ्यात.

एक राहिलं. तुमच्या दुसऱ्या फोटोत टोमॅटोच्या कुंडीत लालसर देठांची, जमिनीलगत पसरलेली, जाड बारीक पानांची जी वेल दिसतेय ती पानफुटीचं पिल्लू नाही, ती घोळ आहे. ती उपटून टाकू नका, मुगाची डाळ घालून भाजी करा, अगदी चविष्ट होते. फक्त घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात, तेव्हा सासऱ्यांच्या ताटात ती अगदी बेताने वाढा, आणि सोबत दही किंवा ताक ठेवा. त्यातल्या कॅल्शियममुळे ऑक्झलेट आतड्यातच बांधलं जातं आणि किडनीपर्यंत कमी पोचतं.